आजारपण आणि थंडीनंतर पुन्हा पळायला लागताना: क्रम चुकवू नका

पावसाळा सरता सरता डेंग्यू, मलेरिया, नाहीतर टायफॉइड. त्यातून उठेपर्यंत सोयाबीन, धानाची कापणी-चुरणी, कापसाची वेचणी. हात जरा मोकळे होतात तोवर अंथरूण सोडवत नाही अशी थंडी. विदर्भातल्या खेड्यांत पळणाऱ्या पोरापोरींचा सराव बहुतेक असाच सुटतो.

मग संक्रांतीच्या सुमारास कोणीतरी पोलीस भरतीची बातमी आणतं. दोन-अडीच महिने न पळालेला मुलगा दुसऱ्याच सकाळी जिल्हा परिषद शाळेच्या मैदानावर मोबाईलचं स्टॉपवॉच लावतो आणि थेट १६०० मीटर मारतो. वेळ पार घसरलेली असते, छाती भरून येते, पुढचे दोन दिवस पोटऱ्या हात लावू देत नाहीत. "आता आपल्याच्यानं होत नाही" म्हणून तो घरी बसतो आणि घरचे त्याला आळशी ठरवतात. खरं तर सगळ्यात शेवटी करायची गोष्ट त्याने पहिल्या दिवशी केलेली असते.

क्रम असा आहे: आजार संपल्याची खात्री, मग झोप आणि जेवण, मग चालणं, मग चालत-पळत, मग सलग पळणं आणि घड्याळ सर्वांत शेवटी. उमेद या प्रवासात मधेच कुठेतरी, बहुधा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात परत येते. ती आधी यावी म्हणून वाट पाहत बसलात तर होळी होऊन जाईल आणि ऊन तापायला लागेल. आपल्याकडे संक्रांत ते होळी हे जवळपास आठ आठवडे पळायला सर्वांत चांगले. खालची आखणी त्याच हिशेबाने केली आहे.

## टप्पा १: आजार खरंच गेला का, ते तपासा

ताप उतरला की आजार गेला, हा सर्वांत महागात पडणारा समज. पॅरासिटामॉलची गोळी घेऊन अंग थंड असेल तर तो ताप उतरलेला धरायचा नाही. गोळी न घेता सलग तीन दिवस ताप नाही, भूक लागते आहे, रात्री घाम फुटून जाग येत नाही, असं झालं की साध्या व्हायरल तापातून तुम्ही बाहेर आलात. अंगात विषाणूचा ताप असताना जोर काढला तर क्वचित हृदयाच्या स्नायूला सूज येते आणि ती जिवावर बेतू शकते. म्हणून "घाम काढला की ताप निघून जातो" हा गावातला सल्ला कोणाचाही ऐकू नका, मग तो जुना पैलवान का असेना.

नुसती सर्दी असेल, नाक वाहतंय, शिंका येताहेत, पण ताप नाही आणि छाती मोकळी आहे, तर हळू चालायला हरकत नाही. खोकला छातीतून येतोय, अंग ठणकतंय, कणकण आहे, तर पूर्ण विश्रांती.

मोठ्या आजारांचं प्रत्येकाचं वेगळं असतं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

डेंग्यू. यात ताप उतरल्यानंतरचे एक-दोन दिवसच जास्त धोक्याचे असतात. प्लेटलेट पूर्ववत झाल्याचा रिपोर्ट हातात आल्याशिवाय मैदानावर पाय ठेवू नका. अंगदुखीसाठी ब्रुफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन अशा गोळ्या मनाने घेऊ नका, त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. नंतरचा थकवा काही आठवडे रेंगाळतो. तो तुमच्या मनाचा कमकुवतपणा समजू नका.

टायफॉइड. गोळ्या सुरू झाल्या की चार-पाच दिवसांत बरं वाटतं आणि पोरं कोर्स सोडून देतात. आतड्याला झालेल्या जखमा भरायला वेळ लागतो. कोर्स पूर्ण करा, पोट दुखत असेल तर चालणंही थांबवून डॉक्टरकडे जा.

मलेरिया. व्हायवॅक्स प्रकारात १४ दिवसांच्या गोळ्या असतात. त्या अर्ध्यावर सोडल्या तर यकृतात दडून राहिलेले जंतू काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा ताप आणतात. गडचिरोली-गोंदियाच्या जंगलपट्ट्यात एका हंगामात दोनदा मलेरिया झालेली पोरं भेटतात, त्यामागचं एक कारण हे असतं.

चिकुनगुन्या. सांधे महिनोन्‌महिने धरतात. दुखणं दाबायची गोळी खाऊन पळणं सर्वांत वाईट. सकाळी उठल्यावर घोटा आणि गुडघा अर्ध्या तासात मोकळा होत नसेल, तर पळण्याऐवजी सायकल चालवा.

स्क्रब टायफस. गवता-झुडपातल्या बारीक किड्याच्या चावण्याने होतो. अंगावर कुठे काळी खपली धरलेला डाग असेल आणि ताप असेल तर तो डाग डॉक्टरला दाखवा. काखेत, जांघेत, कमरेच्या पट्ट्याखालीही बघा.

यातला कुठलाही मोठा आजार झाला असेल तर उपचार संपल्यापासून दोन आठवडे चालण्यापलीकडे जायचं नाही, असं माझं ठाम मत आहे. डॉक्टरांनी जास्त सांगितलं तर त्यांचं ऐका.

> थांबा: खोकला दोन आठवड्यांहून जास्त दिवस आहे? पळण्याचा विषय बाजूला ठेवा आणि सरकारी दवाखान्यात टीबीसाठी थुंकीची तपासणी करून घ्या. ती मोफत होते.

## टप्पा २: रक्त तपासा, मग स्वतःला दोष द्या

दम लागतो, पाय जड वाटतात, मैदानावर जायची इच्छाच होत नाही. या तिन्ही तक्रारींमागे पुष्कळदा हिमोग्लोबिन असतं, विशेषतः मुलींमध्ये. प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी होते. पुरुषांचं १३ च्या खाली आणि बायकांचं १२ च्या खाली असेल तर ते कमी आहे. ते भरून निघाल्याशिवाय कितीही जिद्द केली तरी दम वाढत नाही. लोहाच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्या. गोळी चहासोबत किंवा चहाच्या तोंडावर घेतली तर बरीचशी वाया जाते. संत्र्याच्या चार फोडींसोबत घ्या, आणि संत्री आपल्याकडे या दिवसांत ढिगाने असतात.

याच खेपेला सिकलसेलची, म्हणजे आईवडिलांकडून येणाऱ्या रक्तपेशींच्या आजाराची, तपासणी करून घ्या. पूर्व विदर्भात हा आजार अनेक कुटुंबांत आहे आणि तरीही भरतीची तयारी करणाऱ्या पुष्कळांनी स्वतःचा पॅटर्न तपासलेला नसतो. 'एसएस' म्हणजे प्रत्यक्ष आजार असलेल्यांना थंडी आणि अंगातलं पाणी कमी होणं या दोन्ही गोष्टींनी तीव्र वेदना सुरू होऊ शकतात, त्यांनी डॉक्टरांच्या परवानगीशिवाय पळायला लागू नये. 'एएस' म्हणजे वाहक असलेले बहुतेक जण व्यवस्थित पळतात. मात्र सराव सुटलेला असताना एकदम पूर्ण जोर लावणं त्यांच्यासाठी खरोखर धोक्याचं आहे. त्यांनी हळूहळू वाढवावं, पाणी भरपूर प्यावं आणि पळताना अंग असामान्य दुखलं किंवा पायांत त्राण राहिलं नाही तर त्या क्षणी थांबावं. सोबतच्यांनाही हे सांगून ठेवा.

## टप्पा ३: नाडीची वही

एक जुनी वही आणि सेकंदकाटा असलेलं घड्याळ एवढं पुरे. सकाळी जाग आली की उठून बसू नका. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या आतल्या बाजूला दुसऱ्या हाताची दोन बोटं टेकवा (अंगठा नको, त्याचे स्वतःचे ठोके लागतात), ३० सेकंद ठोके मोजा, दुप्पट करा, लिहा. शेजारी झोपेचे तास लिहा. बस. वेळ, अंतर, वजन काही नको.

आजारानंतर आकडा चढलेला असतो, मग तो हळूहळू खाली येतो आणि चार-पाच दिवस एकाच जागी ठरतो. तो ठरलेला आकडा तुमचा. पुढे कुठल्याही सकाळी त्याहून १० किंवा जास्त आला तर त्या दिवशी पळायचं नाही. रात्री ओलिताला गेला असाल, झाडीपट्टीत रात्रभर नाटक पाहिलं असेल, किंवा ताप पुन्हा येऊ घातला असेल, नाडी आधी सांगते.

ही वही मनासाठीही कामाची आहे. पहिले दोन-तीन आठवडे पळण्यात काहीच प्रगती दिसत नाही, पण नाडी ८४ वरून ७६ वर, मग ७२ वर आलेली दिसते. शरीर सुधारतंय याचा तेवढाच पुरावा त्या दिवसांत हातात असतो.

## टप्पा ४: वेळ, वाट, बूट

वेळ. पहाटे पाचला उठून पळणाराच खरा, हे डोक्यातून काढा. जानेवारीत सूर्य पावणेसातच्या पुढे-मागे उगवतो, नागपूर-गोंदियाकडे पारा १० अंशांच्या खाली जातो, गावावर शेकोट्यांचा आणि जाळलेल्या पऱ्हाट्यांचा धूर धुक्यात अडकून बसलेला असतो. आजारातून उठलेल्या छातीला तो सोसत नाही. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया पट्ट्यात जंगलाला लागून गाव असेल तर अंधारात एकट्याने पळणं म्हणजे वाघ-बिबट-अस्वलाच्या वाटेवर जाणं. डांबरी रस्त्यावर कापसाच्या गाड्या आणि बिनदिव्याचे ट्रॅक्टर. पहिले चार आठवडे सकाळी आठनंतर किंवा दुपारी साडेचार ते सूर्यास्तापूर्वी पळा. मुलींना दुपारची वेळ घरच्यांकडून मिळायलाही सोपी जाते.

कामाचा हिशेब. दिवसभर वाकून कापूस वेचला, पोती उचलली, तर त्या दिवशीचा व्यायाम झाला. वर पळायचं नाही. ज्या दिवसांत कृषिपंपाची लाईन रात्रीची असते आणि तुम्ही रात्रभर वावरात पाणी देता, त्या दिवसांत झोप भरून काढणं हाच सराव. बाजाराचा दिवस, रात्रपाळीचे दिवस आणि घरातली कार्यं आधी वहीत मांडा, मग उरलेल्या दिवसांतून पळण्याचे तीन दिवस निवडा. आधी "रोज पळणार" ठरवून मग तोडत गेलात की आठवड्यात मन खट्टू होतं.

वाट. पांदण रस्ता मऊ असतो म्हणून चांगला, असं सगळे म्हणतात. पावसाळ्यात चिखलात पडलेल्या ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या थंडीत काळ्या मातीत दगडासारख्या कडक होतात आणि कडेला भेगा पडतात. घोटा तिथेच मुरगळतो. पळण्याआधी एकदा ती वाट उजेडात चालून या. शाळेचं मैदान सपाट असेल तर तेच घ्या.

बूट. महिनोन्‌महिने कोपऱ्यात पडलेले बूट उन्हात झटका, आत विंचू नाही ना पाहा. तळ कडक झाला असेल, एका बाजूने झिजला असेल, तर भरतीच्या दिवसासाठी नव्या बुटांचे पैसे राखण्याऐवजी आत्ता घ्या.

> तपासा: नाडी ठरली, रक्ताचा रिपोर्ट पाहिला, तीन दिवस ठरले, वाट चालून झाली? नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ५: पहिला आठवडा, फक्त चालणं

पाच दिवस, रोज २० मिनिटांपासून ३० पर्यंत. हात हलवत, जरा झपाझप. आजारातून उठलेल्या बैलाला कोणी पहिल्याच दिवशी वखराला जुंपत नाही, मग स्वतःला का जुंपता?

या आठवड्यात लोक हमखास चुकतात, कारण चौथ्या दिवशी बरं वाटतं आणि पाय आपोआप पळायला लागतात. तो मोह आवरा. दम लवकर परत येतो, पण घोटा, नडगी, गुडघा यांतले स्नायूंचे बंध आणि हाडं सावकाश तयार होतात. नडगीचं दुखणं घेऊन मार्चमध्ये बसणारे बहुतेक जण जानेवारीत या आठवड्यात घाई केलेले असतात.

मन तयार नसेल त्या दिवसासाठी एकच नियम: बूट घालून घराबाहेर पडायचं आणि दहा मिनिटं चालायचं. दहा मिनिटांनंतरही नको वाटलं तर परत या, तो दिवस वहीत "गेलो" म्हणूनच लिहा.

## टप्पा ६: चालत-पळत (दुसरा ते पाचवा आठवडा)

आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस तरी सोडून. दर वेळी आधी दहा मिनिटं चालणं. थंडीत हे दहा मिनिटांचं चालणं स्वेटर, कानटोपी किंवा दुपट्टा बांधूनच करा, अंग गरम झालं की काढा आणि पळणं संपताच परत घाला. घामेजलेल्या अंगाने पारावर गप्पा मारत बसणारे पुन्हा सर्दी-खोकल्यात अडकतात.

- दुसरा आठवडा: १ मिनिट पळा, २ मिनिटं चाला. सहा वेळा.
- तिसरा: २ मिनिटं पळा, २ मिनिटं चाला. सहा वेळा.
- चौथा: ४ मिनिटं पळा, २ मिनिटं चाला. चार वेळा.
- पाचवा: ८ मिनिटं पळा, २ मिनिटं चाला. दोन वेळा. शेवटच्या दिवशी १० मिनिटं सलग.

वेग किती? सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल इतका. "आज दुपारी चण्याला पाणी द्यायला जायचं आहे" एवढं एका दमात म्हणता आलं पाहिजे. दोन शब्दांवर अडखळलात तर वेग जास्त आहे. हा वेग लाजिरवाणा वाटतो, रस्त्यावरचा म्हातारा सायकलवाला पुढे निघून जातो. जाऊ द्या.

दर आठवड्याच्या शेवटी वही उघडा. नाडी जागेवर, झोप लागते, भूक लागते, कुठे एकाच जागी टोचणारं दुखणं नाही, तर पुढचा आठवडा. एकही गोष्ट बिघडली तर तोच आठवडा पुन्हा करा. आठवडा पुन्हा करणं यात कमीपणा काही नाही, मोठ्या आजारातून उठलेल्यांना एखादा तरी आठवडा दोनदा करावाच लागतो.

सोबत कोणाची, हे या टप्प्यात फार महत्त्वाचं. ज्या मित्राचा सराव कधी सुटलाच नाही, त्याच्या मागे पळू नका. तो चांगल्या मनानेच "चल, अजून एक राऊंड" म्हणेल आणि तुम्ही तीन दिवस पडाल. तुमच्यासारखाच नव्याने उठलेला कोणी शोधा, नसेल तर धाकट्या बहिणीला सायकलवर सोबत घ्या. मुलींनी दोघी-तिघींनी मिळून जावं आणि घरी वाट सांगून निघावं. पाळीच्या दिवसांत जमेल तेवढं चालावं, पळण्याची सक्ती नाही.

खाण्याचं थोडक्यात: उपाशीपोटी पळू नका, निघण्याआधी अर्धा तास एक केळं किंवा गुळाचा खडा आणि मूठभर शेंगदाणे. आल्यावर भाकर, तुरीचं घट्ट वरण, हरभऱ्याची भाजी, जवसाची चटणी, जमेल त्याला अंडी. महागड्या पावडरीच्या डब्यांवर घरच्यांचे पैसे घालवू नका. थंडीत तहान लागत नाही म्हणून पाणी कमी पडतं, लघवी गडद पिवळी दिसली तर पाणी वाढवा.

> थांबा: छातीत दुखणं, ठोके चुकल्यासारखे वाटणं, डोळ्यांपुढे अंधारी, हळू वेगातही न आवरणारा दम. यातलं काहीही झालं तर तिथेच बसा, एकटे घरी चालत जाऊ नका आणि त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा.

## टप्पा ७: सलग पळणं, आणि मग घड्याळ

सहाव्या आठवड्यात २० मिनिटं सलग, त्याच बोलता येणाऱ्या वेगाने. सातव्यात २५ ते ३०. सातव्या आठवड्यातच एका दिवशी शेवटी साधारण ८० मीटरच्या चार धावा थोड्या मोकळ्या वेगात घ्या, प्रत्येकीनंतर परत चालत या. याही धावा पूर्ण जोराच्या नाहीत.

घड्याळ आठव्या आठवड्याच्या शेवटी. पोलीस भरतीला पुरुषांना १६०० आणि महिलांना ८०० मीटर असतं, पण पहिली वेळ पूर्ण अंतराची घेऊ नका. मुलांनी ८००, मुलींनी ४०० मीटर मोजून पळावं. मैदानाची फेरी दोरीने किंवा टेपने मोजलेली असू द्या, "साधारण दोनशे असेल" या अंदाजावर कित्येक जण महिनोन्‌महिने चुकीची वेळ धरून बसतात. आलेली वेळ वहीत नव्या पानावर लिहा. आजाराआधीची वेळ त्या पानावर लिहायची नाही. तुलना करायची ती पुढच्या दोन आठवड्यांनी येणाऱ्या वेळेशी.

भरतीची तारीख आठ आठवड्यांच्या आत येऊन ठेपली असेल तर? टप्पे गाळू नका. ज्या टप्प्यावर असाल तिथूनच मैदानावर उतरा आणि जेवढे गुण मिळतील तेवढे घ्या. शेवटच्या दहा दिवसांत रोज वेळ लावून पळणारा मैदानी चाचणीच्या दिवशी दमलेल्या पायांनी उभा राहतो. उत्तेजक इंजेक्शन-गोळ्या देणारे लोक मैदानांच्या आसपास फिरतात, त्यांच्या जवळही जाऊ नका.

## मधेच खंड पडला तर

लग्नसराई, गव्हाचं पाणी, पुन्हा सर्दी, काहीही होतं. तीन दिवसांपर्यंतचा खंड असेल तर जिथे होतात तिथूनच चालू ठेवा. आठवडाभर गेला तर एक आठवडा मागे या. दोन आठवडे गेले तर दोन मागे. ताप आला असेल तर खंड कितीही लहान असो, टप्पा १ पासून. बुडालेले दिवस भरून काढायला एका दिवशी दुप्पट पळायचं नाही.

आणि शरीर सगळं ठीक दाखवतंय, नाडी ठरली आहे, रक्त चांगलं आहे, तरीही दोन आठवड्यांहून जास्त दिवस कशातच मन लागत नाही, झोप उडाली आहे, जेवण जात नाही, जगणं नकोसं वाटतं, असं असेल तर तो पळण्याचा प्रश्न राहिलेला नाही. घरातल्या एका माणसाला सांगा आणि टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं, दिवसरात्र लागतो.